नावेतली बाळंतीण

येलदरी धरणाच्या पाण्यावर ती आणि तिचा नवरा नावेतच राहायचे. दर मंगळवारी मी लसीची पेटी घेऊन त्यांच्याच नावेतून पलीकडच्या गावी जायची. तो वल्हं मारायचा, बोलायची तीच.

नामांतराच्या दंगलीत त्या गावानं त्यांचं घर जाळलं होतं. सरकारनं नवं बांधून दिलं. ती आठवड्याला जाऊन ते सारवायची, कुलूप लावायची आणि स्वयंपाकाला पुन्हा नावेत यायची.

"राहायचं नाही, तर सारवतेस कशाला?"

"घर आमचंच हाय ना, सिस्टर."

"मग राहा की."

"सारवायलेय की!" म्हणून ती हसायची. मला सरळ उत्तर लागतं, ते तिच्याकडून कधी मिळालं नाही.

दिवस भरल्यावर मी दम दिला, तेव्हा ती मुकाट दवाखान्यात आली. मुलगी झाली. चौथ्या दिवशी पुन्हा नावेत.

पुढच्या मंगळवारी काठावर पाटलीणबाई बाळंतविडा घेऊन उभ्या. घर पेटवलं होतं ते त्यांच्याच मुलांनी. मी उतरताच नवऱ्यानं नाव काठापासून जरा आत पाण्यात घेतली.

"लेकराला घेऊन घरी ये, माय," पाटलीणबाई म्हणाल्या.

तिनं नावेतूनच वल्ह्याचं पातं त्यांच्यापुढं धरलं. "ह्याच्यावर ठिवा, पाटलीणबाय."

त्यांनी गाठोडं पात्यावर ठेवलं. तिनं ते अलगद ओढून घेतलं, त्यातलं टोपडं लेकीला घातलं, हात जोडले आणि नाव वळवायला सांगितली.

"येतीय का न्हाई हो ती?" पाटलीणबाईंनी मला विचारलं.

"टोपडं घातलंय की!" मी म्हणाले.