नारिंगी बरणीतलं लोणचं

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या घरात जुन्या अमेरिकन चिनीमातीच्या भांड्यांनी एक अख्खं कपाट भरलंय. नारिंगी, पिवळी, हिरवी, अंगावर गोल गोल रेघा. नाद माझा. रविवारी कार बूट सेलला, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजाराला जायचं, एखादी बशी आणायची आणि ती विकणाऱ्याची नक्कल करून बायकोला हसवायचं. बार्शीच्या शाळेत हेडमास्तरांची नक्कल करून छड्या खाल्ल्या, तेव्हापासूनची खोड.

उन्हाळ्यात एक झाकणाची नारिंगी बरणी मिळाली. बायकोला तेव्हा सहावा महिना. बार्शीहून आई आली होती, तिने सुनेसाठी लिंबाचं लोणचं घातलं. मीच म्हटलं, "प्लास्टिकच्या डब्यात कशाला? ही बरणी घे की." आई खूष. लोणचं चिनीमातीतच घालायचं, हे बार्शीत शेंबडं पोरही सांगेल.

परवाच्या रविवारी बरणी विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी कौतुकाने फोटो दाखवला. त्याने चष्मा काढला. म्हणाला, या जुन्या ग्लेझमध्ये, म्हणजे वरच्या चकचकीत थरात शिसं असतं. शोभेला ठेव, पण आंबट काही त्यात ठेवू नकोस, शिसं खाण्यात उतरतं. मग खोकला आणि म्हणाला, "घरी कुणी खात नाही ना?"

घरी पोचलो तर बायको बरणी मांडीवर घेऊन बसलेली.

"ते खाऊ नकोस. म्हातारा म्हणाला, त्यात शिसं आहे."

"ए बहुरूप्या, आधी खोकून दाखव ना! त्याशिवाय म्हातारा वाटत नाही."

"अगं, खरंच सांगतोय."

"आता हा कोणाचा आवाज? हा काही जमला नाही तुला." आणि तिने बोट चाटलं.

मी बरणी हिसकावली. झाकण फरशीवर पडून फुटलं. तेव्हा कुठे तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. हात पोटावर गेला.

"दोन महिने खातेय रे मी."

सोमवारी मिडवाइफने रक्त तपासायला घेतलं. रिपोर्ट यायचाय. मिडवाइफ चांगली बोलली, पण तिची नक्कल मला करवली नाही, आणि बायकोनेही मागितली नाही. फक्त म्हणाली, "आईंना कळू देऊ नकोस. त्या स्वतःलाच लावून घेतील."

आज आईचा व्हिडिओ कॉल आला. "काय रे, लोणचं मुरलं का?"

मी तोंड उघडायच्या आत बायकोने फोन हातातून घेतला.

"अहो आई, संपलंसुद्धा!" ती हसून म्हणाली. सोंग अगदी माझ्यासारखं.