माहेरच्या वाटेवर बसलेला शॉकअप

जीपच्या टपावर सायकल चढवताना गंगापूरच्या ड्रायव्हरने विचारलं, "ताई, ही कुणासाठी?"

"आईसाठी."

त्याने साठी ओलांडलेल्या आईकडे पाहिलं, सायकलच्या जाडजूड चाकांकडे पाहिलं आणि दोर जरा जास्तच आवळला.

आईच्या गुडघ्यांना चालणं झेपत नाही, सायकल झेपते. शाळेत शिकवायला ती जन्मभर सायकलवरच गेली. अडचण मनगटाची. मोडल्यापासून त्यात धातूची पट्टी आहे, हादरा बसला की कळ डोक्यात जाते. म्हणून माझी डोंगरात चालवायची सायकल काढली. सगळी भिस्त तिच्या शॉकअपवर (पुढच्या चाकाचे हादरे गिळणाऱ्या दोन नळ्या, एकीत हवा भरलेली असते).

जायचं होतं आईच्या माहेरी. ती परकर नेसायची तेव्हाच ते गाव धरणात गेलं. त्याच धरणाचं पाणी संभाजीनगरात आमच्या नळाला येतं. यंदा दुष्काळाने धरण तळाला लागलं आणि गावाची जोती उघडी पडली. नाशिककडे पाऊस लागला की ती पुन्हा बुडणार होती.

शॉकअपचं मात्र रडगाणं चालू होतं. आमच्या भागात चहूकडे नवं प्लॉटिंग. त्या धुळीने आतली हवा अडवणारं सील खाल्लं होतं. गुलमंडीच्या बाजारापर्यंत हिंडले, नवं मिळालं नाही. पुण्याहून यायला महिना लागणार होता. शेवटी गच्चीवर मीच शॉकअप खोलला. नळ आठवड्याने येणार, धुवायला पाणी कुठलं? गॅरेजवाले धुतात तसं सगळं पेट्रोलात भिजत घातलं, रबरी सीलसुद्धा. काढलं तेव्हा ते फुगलेलं होतं. तसंच दाबून बसवलं, हवा भरली. हँडल दाबलं, ते जडपणे वर आलं.

"उठतोय की!" आई लहान मुलीसारखी हसली.

गंगापूरहून रिक्षाने धरणाच्या काठापर्यंत गेलो. पुढे रस्ता नव्हता. भेगाळलेली जमीन, मध्ये मध्ये गाळपेरीचे (पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेल्या पिकाचे) हिरवे तुकडे आणि त्यांतून जाणारी पायवाट. काकडीच्या वेलांत एक बाई खुरपत होती.

"कुठं निघाल्या, मावशी?"

"माहेरी."

"हितं? हितं कोण ऱ्हातं?"

"आता कुणी नाय," आई म्हणाली.

बाईने दोन काकड्या दिल्या, आम्ही तिला धपाटे दिले. दूरचा काळा ठिपका दाखवून ती म्हणाली, "ते देवळाचं जोतं. घरं त्याच्याच अंगाला. समदी जाग्यावर बसली."

आई पायडल मारत पुढे, मी मागून चालत. निम्म्या वाटेवर फुस्स आवाज झाला आणि हँडल खाली गेलं.

"काय झालं गं?"

"शॉकअप बसला."

पंपाने पुन्हा हवा भरली, पुन्हा गेली. फुगलेलं सील फाटलं होतं. आई ओठ चावत तशीच थोडी पुढे गेली, मग उतरली आणि मनगट पोटाशी धरून उभी राहिली. काकडीवाली धावत आली. "गाडी जुंपली असती वं, पण चाऱ्यापायी बैलं छावणीला धाडलेत." मला रडू आलं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

आई बांधावर बसली. "तू जाऊन ये. आमच्या दारात दगडी उखळ पुरलेलं. हाय का बघ."

गेले. उखळ होतं. शेजारच्या दारात होतं, त्याच्या शेजारीही होतं. प्रत्येक दारात होतं. आईचं दार कोणतं, हे सांगायला आई हवी होती. मी गाळात खुळ्यासारखी उभी राहिले आणि मग परत फिरले.

"हाय?"

"आहे."

"कड फुटलेली हाय ना?"

मी कड पाहिलीच नव्हती, तरी मान डोलावली.

आईने जोत्याकडे पाहिलं. "मग ते आमचं नव्हं. आमचं धड होतं."

परतताना सायकल पुन्हा जीपच्या टपावर बांधली. लोक प्रवासातून काही ना काही घेऊन येतात. मी आईचं माहेर होतं तेवढंही घालवून आले.

सील आलं, तोवर धरणात पाणी चढलं होतं. मी शॉकअप पुन्हा खोलला, या वेळी नुसत्या फडक्याने पुसला. आईने हँडल दाबलं. ते अलगद वर आलं.

"आता उठला व्हय," ती म्हणाली. तेवढ्यात आत नळ वाजला. "चल, हंडे लाव. माहेरचं पाणी आलंय."