ताटलीपाशी बसलेलं कुत्रं

मामा, म्हणजे माझे सासरे, वैरागजवळच्या शेतात बांधावरून घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनसाठी त्यांना सोलापूरला आणलं. शेतावर एकटं कसं राहील म्हणून त्यांचं कुत्रंही त्याच गाडीत घालून आणलं. मामा दवाखान्यात आणि कुत्रं आमच्या अंगणात. ते काही केल्या जेवेना.

पहिल्या दिवशी मी दूध-चपाती दिली. दुसऱ्या दिवशी दहीभात, संध्याकाळी उकडलेलं अंडं. तिसऱ्या दिवशी तर नवऱ्याने मटण आणलं, जे तो माझ्या वाढदिवसालाही आणत नाही. कुत्रं ताटलीपाशी येऊन बसायचं, लाळ गाळायचं, पण तोंड लावील तर शपथ! पाणी तेवढं प्यायचं. "काय नखरे तरी! रोज उठून पंचपक्वान्नं करू का तुझ्यासाठी?" असं मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. आजार काही नाही, मालकाची ओढ आहे म्हणाले, उद्याही खाल्लं नाही तर सलाईन लावू. शेजारीण म्हणाली, अशी कुत्री झुरून झुरून जातात हो. मला धडकीच भरली.

मामांना यातलं काही सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. नुकतं ऑपरेशन झालेलं, जिवाला घोर नको. रोज मी गेले की ते पहिलं हेच विचारायचे, "कुत्रं खातंय का?"

"दोन-दोन भाकरी हाणतंय, मामा!"

"कुणाच्या हातनं?"

"माझ्याच की."

"बरं झालं," म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. मला वाटायचं, दुखत असेल.

चौथ्या दिवशी सकाळी भाताच्या ताटलीवर कावळा उतरला. उठायचंही त्राण नसलेलं ते कुत्रं असं काही धावून गेलं की कावळा थेट भिंतीपलीकडे. मग लडखडत परत आलं आणि ताटलीपाशी बसलं. आतलं शीतसुद्धा हललं नव्हतं. मला रडूच कोसळलं. तशीच रिक्षा करून दवाखाना गाठला आणि मामांना सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, मी खोटं बोलत होते, चार दिवस त्याने घासही खाल्लेला नाही.

मामा तर उठूनच बसायला निघाले. "अगं, राखण करतंय ते!"

शेतात ते भाकरीचं फडकं लिंबाखाली ठेवायचे आणि कांद्याला पाणी द्यायला जायचे. "ठिवलेल्याला तोंड लावायचं न्हाय, आसं म्याच शिकवलंय त्याला. आदी मी जेवतो, मग हातानं देतो. उपाशी मरंल, पर शिवायचं न्हाय. पयल्याच दिशी बोलली असतीस तर..." त्यांचे डोळे भरून आले. "आन् मला वाटलं, इतक्यात इसरलं मला."

मी घरी आले. गरम भाकरी थापली आणि अंगणात त्याच्यासमोर मांडी घालून बसले. पहिला घास मी खाल्ला. मग चतकोर मोडून हातावर धरला. त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे. इतक्या हळू उचललं की बोटांना दातही लागला नाही. बघता बघता दीड भाकरी संपली. मेल्या, एवढी भूक होती आणि मी तुला नखरेल म्हणत होते!

संध्याकाळी दवाखान्यात गेल्या गेल्या सांगितलं, "खाल्लं, मामा."

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. तीन दिवस खोटं ऐकलेला माणूस, एवढ्यावर कसा विश्वास ठेवणार?

"पयला घास कुणी खाल्ला?"

"मी."

"मग खाल्लं आसंल," मामा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.