भीमाण्णांची भागी

भीमाण्णा कुठल्याही गिऱ्हाइकाला एकदम शिलाईचा भाव सांगत नसत. "स्वल्प थांबा, भागीदाराला विचारून येतो," म्हणत आणि पडद्यामागे जात. तिथे बहुतेक वेळा कुणीच नसे. चिमूटभर तपकीर ओढून ते बाहेर येत आणि चेहरा पाडून सांगत, "नाही म्हणतो. फार कडक माणूस!" हे भागीदार म्हणजे माझे मामा. मामा पुढे बसलेले असले की तेही तसेच पडद्यामागे जाऊन भीमाण्णांना 'विचारून' येत.

निपाणीहून मॅट्रिक होऊन मी बंगळूरला मामांकडे शिकायला आलो, तेव्हा चिकपेटेतलं ते शिंपीकामाचं दुकान चांगलं चालत होतं. दोघांनी मिळून उभं केलेलं. भीमाण्णांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं; घरात मराठी, रागावले की कानडी. कॉलेजसाठी माझा पहिला सदरा त्यांनीच बेतला. "बी.ए. होणार ना तू? खिसा मोठा ठेवतो. शेंगा मावल्या पाहिजेत." आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, याचं कौतुक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

भागीची लिखापढी काहीच नव्हती. ती दोघांनाही कधी सुचली नाही. भाडेपट्टा मामांच्या नावावर होता. पुढे एका कारखान्याच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं, आणि मामांनी एके दिवशी सांगून टाकलं, की भीमाण्णा पगारी कटिंग मास्तर आहेत आणि उद्यापासून त्यांनी येऊ नये. आपण भागीदार होतो हे सिद्ध करायला भीमाण्णांना कोर्टात जावं लागलं.

मामांच्या वकिलांनी नेमकी पडद्याची गोष्ट धरली.

"भाव सांगण्याआधी यांची परवानगी घेत होता?"

"घेत होतो."

"म्हणजे नोकरच."

"ओ सायबा, ती आमची चेष्टा होती हो!" भीमाण्णा म्हणाले. सगळे हसले.

मला साक्षीला बोलवायचं भीमाण्णांच्या वकिलांनी ठरवलं, तेव्हा भीमाण्णा अडून बसले होते. "नको. पोरगं त्याच्या घरी जेवतंय." तरी समन्स आलंच. मी पाहिलं ते सांगितलं. मामाही पडद्यामागे जात. खंडेनवमीला कात्र्यांची पूजा दोघं शेजारी पाट मांडून करत, आणि कारागिरांना नवे पंचे दोघंही आपल्या हातांनी देत. बोलताना मामांकडे बघवेना. त्या संध्याकाळी मामा एवढंच म्हणाले, "भात घे." बी.ए. होईपर्यंत त्यांनी मला घरात ठेवलं. खरं बोलल्याचा अभिमान मला कधी वाटला नाही, तो यामुळे.

भागी होती, असा निकाल लागला. वाटणीच्या शिलाई यंत्रांवर भीमाण्णांनी राजाजीनगरात दुकान काढलं. मी भेटायला गेलो.

"अण्णा, जिंकलात."

"गप रे. खोटं तो बोलत होता, आणि मान माझी खाली जात होती. इतकी वर्षं शेजारी बसलो, आणि परक्या माणसापुढं साक्षीदार उभे करून सांगायचं, हा माझा होता म्हणून? थू!"

मग म्हणाले, "धाकटा भाऊ दुकानात येतोय. भागीचा कागद लिहून दे. तू शिकलेला आहेस."

मी इंग्रजीत लिहिला आणि मराठीत समजावून वाचून दाखवला. भाऊ बिचारा "सरी अण्णा, सरी अण्णा" म्हणत प्रत्येक कलमाला होकार देत राहिला आणि पटकन सही करून मोकळा झाला. भीमाण्णांनी टाक हातात घेतला, पण तो कागदावर टेकेना.

"तू जरा चहा सांगून ये," ते भावाला म्हणाले.

तो रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर त्यांनी घाईघाईने सही केली.