चार बोटं उघडी खिडकी

आज कूलरला नव्या ताट्या बसवल्या. पाणी सोडताच ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. लोक या वासानं सुखावतात. माझा मात्र जीव घाबरा होतो.

माझ्या माहेरी, तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी कूलर चालू केला की समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायची, हा बाबांचा नियम. रेल्वेतून निवृत्त झालेले, दम्यानं खंगलेले बाबा म्हणायचे, "हवेले बाहेर जायले वाट पाहिजे, नाही तर ओल कोंडते."

मे महिन्यातल्या एका दुपारी खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती, म्हणून मी ती घट्ट लावून घेतली. तासाभरात चादर चिकट झाली, उशाजवळचा पेपर लुळा पडला.

"बेटा, खिडकी उघड. दम घुटून राहिला माहा," बाबा म्हणाले.

"लू येते बाबा. झोपा ना गुमान!" मी खेकसले.

ते पुन्हा बोलले नाहीत. मला वाटलं, थंडाव्यानं डोळा लागला. चहा घेऊन गेले, तेव्हा त्यांचा हात खिडकीच्या बाजूला पलंगावरून खाली लोंबकळत होता. डॉक्टर म्हणाले, हे कधीतरी होणारच होतं. मी त्यांना खिडकीचं सांगितलंच नाही. आईलाही नाही.

"मम्मी, गरम हवा आ रही है, खिड़की बंद कर दूँ?" आत्ता लेकीनं विचारलं.

मी इतकी ओरडले, की ती रडायलाच लागली. काहून ओरडले, ते तिलाही सांगता आलं नाही.