कळव्याच्या बांधावरचे चौघे

गाळ आणि गोष्टी एकाच वाटेनं येतात. भरतीबरोबर आत येतात आणि ओहोटीला परत जात नाहीत. आम्ही चौघांनी कळव्याला खाडीचा बांध एवढी वर्षं राखला, तर गाळ बांधाशी साठला आणि गोष्टी आमच्या डोक्यात. गाळाचा निदान बांध लिंपायला उपयोग होतो.

मी दोन बुकं शिकलेलो, त्यातलंही दुसरं अर्धंच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघणाऱ्यांनी हे वाचू नये.

ज्यांनी बांध पाहिला नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगतो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला आमची भातं, मध्ये पुरुषभर उंचीचा चिखलाचा बांध. बांधात एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणायचं. ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या रेट्यानं ते बाहेर उघडतं, भरतीला खाडीच्या रेट्यानं आपोआप मिटतं. बांध फुटून खांड पडली की खारं पाणी आत. मीठ एकदा जमिनीत मुरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून अमावास्या-पुनवेच्या उधाणाला दर चुलीमागे एक माणूस बांधावर, आणि बारा महिने आम्ही चौघे. चांगूबाबा आमचा म्होरक्या, मग हिरू, पदू आणि मी.

गावानं आम्हाला राखणदार म्हणायचं आणि आम्ही ते ऐकून घ्यायचं. राखलं किती ते पुढे कळेलच.

*

बांधाचा खरा वैरी खाडी नाही, खेकडा. खेकडा बिळं पाडतो, बिळातून पाणी झिरपतं आणि एक दिवस अख्खा बांध बसतो. म्हणून चांगूबाबांनी बांधाचे चार हिस्से केले आणि ज्याचे त्याला नेमून दिले. आपल्या हिश्शात एक खेकडा ठेवायचा नाही.

चार महिन्यांनी बाबा बघायला निघाले. माझ्या हिश्शात बिळं होती, पदूच्या हिश्शात होती. पण हिरूच्या हिश्शात पाय ठेवला तर बाबा गुडघ्यापर्यंत आत गेले. बांध कसला, चाळण झालेली.

"हिरू, तू खेकडं पकडतोस का नाय?"

"रोज पकडतो, बाबा. बायकोला विचारा. रोज कालवण हाय."

"मंग ही एवढी बिळं कुणाची?"

"ती बारक्यांची. बारकी मी सोडून देतो."

"का रे सोडतोस?"

हिरूनं बाबांकडे असं बघितलं, जसं बाबांनीच काही वेडगळ विचारलंय. म्हणाला, "बाबा, बी ठेवाया नको?"

*

एका साली ठाण्याहून एक सरकारी ओवरशेर आला. त्यानं उघाडीजवळ पाण्यात एक खांब रोवला आणि खांबावर तांबडी रेघ ओढली. "पाणी या रेघेला लागलं की संकट समजायचं, आणि तडक कचेरीत वर्दी द्यायची," असं बजावून गेला.

आला होता अष्टमीला, ओहोटीच्या वेळी. खाडी तेव्हा निजलेली असते. त्यामुळे पुढच्या पुनवेला पाणी रेघेच्या वर हातभर. आम्ही वर्दी दिली. अमावास्येला पुन्हा हातभर, पुन्हा वर्दी. दर पंधरा दिवसांनी आमच्यावर संकट येऊ लागलं आणि कचेरीतला कारकून आमची तोंडं बघून वैतागला. पण चांगूबाबांना बरं वाटत होतं. म्हणायचे, "लिहून तर जातंय कुठंतरी. कुणीतरी वाचंल, बांधाला दगड देईल."

शेवटी कुणीतरी वाचलं. ओवरशेर पुन्हा आला. बरोबर दगड नव्हता, रंगाचा डबा होता. त्यानं जुनी रेघ पुसली आणि दोन हात वर नवी ओढली.

त्यानंतर कळव्याला संकट म्हणून आलं नाही. बांध मात्र त्याच साली दोनदा फुटला. दोन्ही वेळा पाणी रेघेच्या खाली होतं, म्हणून वर्दी घेतली नाही.

*

आमचा पदू आणि त्याचा भाऊ नारू एका घरात राहायचे. मध्ये कुडाची भिंत घातलेली. बोलणं नव्हतं.

उधाणाला चुलीमागे एक माणूस द्यायचा, हे वर सांगितलंच. पदू तर आमच्यातलाच, तो यायचा. नारूला बोलवायला गेलं की तो ओटीवर बसून म्हणायचा, "आमची चूल एकच हाय. पदू गेलाय ना? मंग झालं."

उघाडीपाशी जी मासळी मिळे तिचे वाटेही चुलीमागेच पडत. त्या दिवशी नारू टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. "आमच्या चुली दोन हायेत."

एका पुनवेला चांगूबाबा स्वतः त्याच्या घरी गेले. भिंतीच्या अलीकडे एक चूल, पलीकडे एक. दोन्ही पेटलेल्या.

"नारू, ह्या किती रं?"

नारू म्हणाला, "बाबा, आज पुनव हाय. आज एकच."

आम्ही हसलो. त्याच दुपारी नारूच्या वाटणीच्या जागेवर माणूस नव्हता आणि तिथंच बांध खचला. गेलं ते नारूचंच भात. दुसऱ्या दिवशी तो भिंतीशी उभा राहून पलीकडे म्हणाला, "दादा, तुझ्या चुलीवर जरा भाकरी टाकू दे." बारा वर्षांत तो दादाशी पहिल्यांदा बोलला.

*

सरकारनं आम्हाला एक होडी दिली. बुडत्या माणसांना काढण्यासाठी. चांगली सागाची होडी, अंगावर नंबर घातलेला. कुणी मासेमारीला नेऊ नये म्हणून ती साखळीनं बांधून कुलूप घातलं आणि किल्ली ठेवली ठाण्याच्या कचेरीत. कचेरी खाडीच्या पलीकडे.

खांड पडली आणि खालच्या आळीत कमरेएवढं पाणी झालं, तेव्हा बाबांनी मला किल्ली आणायला पिटाळलं. मी धावत काठावर गेलो. तिथं एक कोळी जाळं सारखं करत होता. म्हटलं, "मला पलीकडे कोपरीला सोड, घाई हाय."

"एवढी घाई कसली?"

"होडीची किल्ली आणायचीय. आळी बुडतेय."

त्यानं जाळं बाजूला टाकलं. "अरे, मी होडीतच बसलोय. चल, हीच नेऊ तुमच्या आळीत."

मी परत येऊन बाबांना विचारलं. पाणी एव्हाना छातीला लागलेलं, त्यात बाबा एक म्हातारी खांद्यावर घेऊन उभे. म्हणाले, "त्याच्या होडीवर नंबर हाय का?"

"नाय."

"मंग उद्या काय झालं तर आपण कुणाला सांगायचं? किल्लीच आण."

म्हातारी खांद्यावरून म्हणाली, "चांगू, मला तरी त्या बिननंबरच्या होडीत टाक रं बाबा."

*

आता सोनाबाय. तिच्याबद्दल हसू येणार नाही, आधीच सांगतो.

सोनाबाय विधवा, पोटी कुणी नाही. तिचं एकच शेत, उघाडीला लागून. आमच्याकडे जुनी रीत अशी की खांड पडली की बुजवायला माती सगळ्यात जवळच्या शेतातून काढायची. लांबून आणेपर्यंत दुसरी भरती येते. रीत काही चुकीची नाही. पण खांड नेहमी उघाडीशीच पडायची आणि जवळचं शेत नेहमी सोनाबायचंच.

तीनदा आम्ही तिचं शेत खणलं. निम्म्या शेताचं डबकं झालं, त्यात बगळे उभे राहायचे. चौथ्यांदा फावडी घेऊन गेलो तेव्हा ती बांधावर येऊन बसली.

चांगूबाबा म्हणाले, "सोनाबाय, उठ गो. भरती यायची वेळ झाली."

"उठते. आधी एक सांगा. माझं शेत तुमच्या बांधात गेलं. आता मी भात बांधावर पेरू का?"

ती आपणच उठली, आमच्यातल्या एकाच्या हातातलं फावडं घेतलं आणि माती काढायला लागली. म्हणाली, "तुम्ही लोक फार खोल खणता."

त्या दिवशी चांगूबाबांनी शब्द दिला. "उरलेल्या निम्म्याला हात लावणार नाय. सरकारकडून दगडी बांध करून घेईन. माती पारसिकच्या डोंगरावरनं येईल."

मग अर्ज सुरू झाले. कारकून लिहायचा आणि बाबा अंगठा उठवायचे. किती अर्ज गेले ते बाबांच्या अंगठ्याला विचारा.

*

अखेर भादव्याच्या पुनवेला इंजिनेर साहेब येणार असा निरोप आला. पारशी गृहस्थ, मोठा हुद्दा. त्यांनी बांध बघून होय म्हटलं की दगडी बांध मंजूर. भात तेव्हा पोटरीला आलेलं, सोनाबायच्या निम्म्या शेतातसुद्धा.

कारकुनानं बाबांच्या कानात सांगितलं, "साहेबांना बोई मासळी फार आवडते. ताजी हवी."

ताजी बोई कशी मिळते ते आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक. भरती लागताना उघाडी मिटू द्यायची नाही. फटीत धोंडा घालायचा, आतून जाळं धरायचं, पाण्याबरोबर बोई सरळ जाळ्यात. टोपली भरली की धोंडा काढायचा, दार मिटतं. करू नये असं आम्हीच सगळ्यांना सांगायचो, आणि सगळे करायचे.

धोंडा मी घातला. दुसऱ्याचं नाव सांगून आता काय करू?

टोपली भरली. हिरू ती घेऊन सोनाबायकडे गेला, कारण तिच्या हाताचं कालवण गावात नावाजलेलं. मी धोंडा काढायला वाकलो तेवढ्यात पदू धावत आला. साहेब वेळेआधी आलेले आणि पहिलाच प्रश्न केलेला, "बांधाचे राखणदार किती? समदे माज्यासमोर उभे करा."

बाबांनी निरोप धाडला होता, असाल तसे या. पाण्याचा जोर धरलेला, धोंडा एका माणसाला हलेना. पदूला म्हटलं, "हात लाव." तो म्हणाला, "आधी हजेरी देऊ, मंग येऊ. बाबांची अब्रू जाईल."

आम्ही गेलो. बांध नीट राखला जातो हे साहेबांना दाखवायला आम्ही चौघे चावडीपुढे ओळीनं उभे राहिलो. उधाणाला आलेले चुलीमागचे गडीही साहेब बघायला आमच्यामागोमाग आले, बांधावर कुणी उरलं नाही.

साहेबांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली. माणूस चांगला होता. बाबांना म्हणाले, "तुमी लोक एवढी राखण करते, तर सरकारनं दगड द्यायलाच पायजे. मी लिवतो." बाबांचे डोळे भरले. मी धोंड्याचं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. साहेबांपुढे म्हणायचं काय, की उघाडी आम्हीच उघडी ठेवलीय? कागद तिथंच फाटला असता.

मग जेवण. चावडी उंचावर आहे, समोर सगळं शेत दिसतं. साहेबांना भिंतीची सावली पाहिजे म्हणून त्यांची खुर्ची शेताकडे पाठ करून मांडलेली. आम्ही समोर उभे. सोनाबाय वाढत होती.

आधी लाकूड मोडल्याचा आवाज आला. साहेब म्हणाले, "काय झाला?" कारकून म्हणाला, "काही नाही साहेब, आगगाडी खाडीच्या पुलावर आली असेल."

मग मला सोनाबायच्या शेताच्या कडेला चमक दिसली. डबकं आणि भात एक झालं. तिथून पाणी पदूच्या शेतात गेलं, तिथून माझ्या. आवाज नाही, काही नाही. भाताची टोकं हलायची आणि खाली जायची. हिरूनं माझा हात घट्ट धरला. बाबा हात जोडून उभे होते, तसेच राहिले. साहेब काटे काढत होते आणि कुणालाच त्यांना उठवायचं धाडस होईना, कारण मंजुरीचा कागद ताटाशेजारी होता आणि सही व्हायची होती.

साहेबांनी हात पुसले. दौत मागवली. सही केली. वाळू टाकून कागद झटकला आणि बाबांच्या हातात दिला.

"आता बोला चांगूबाबा," साहेब म्हणाले, "यातनी कुठली जमीन वाचवायची हाय, ती मला दाखवा."

बाबांचा हात उठेना. आमच्यापैकी कुणाचाच उठेना. साहेब खुर्चीतून वळायला लागले, तेव्हा सोनाबाय पातेलं घेऊन त्यांच्या आणि शेताच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"सायब," ती म्हणाली, "अजून एक तुकडा उरलाय. वाढू?"