भाजणीला रॉकेलचा वास

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिची तर खात्री आहे की माझ्या पोटात काही म्हणून राहत नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते विचारू नका.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी डोंबिवलीला राहायचो, नोकरीला नुकताच चिकटलेलो. नाणेघाटापासून महाबळेश्वरपर्यंत घाटमाथ्याच्या काठाकाठानं चालत जायचं, असा बेत आमच्या सुधीरदादानं आखलेला. त्याचे दोन जुने सोबती, आणि नवे आम्ही दोघं — मी आणि ठाण्याच्या कोळीवाड्यातला हरेश. कल्याणच्या एसटी स्टँडवरच दादानं बजावलं, "भीमाशंकरपर्यंत बघणार. ज्याचं जमत नाही त्याला तिथून एसटीत बसवणार. रुसायचं नाही."

झालं, तिथंच माझं डोकं फिरलं. दोघांतला एक परत जाणार, हे मी धरूनच चाललो. दादा तसं म्हणाला होता का? नव्हता. पण हरेशकडे मी बघायला लागलो ते त्याच नजरेनं. तो दादाच्या बरोबरीनं चालला की मला वाटायचं, लाळघोट्या. हसला की वाटायचं, मलाच हसतोय. पहिल्याच संध्याकाळी तो म्हणालेला, परत गेलो की बापाची होडी माझ्या गळ्यात पडणार, मग असं पंधरा-वीस दिवस कोण सोडतंय? एकदाच काय ते मनासारखं फिरून घेतो. मला तेही खोटं वाटलं. दादाला पाझर फुटावा म्हणून बोलतोय, म्हटलं.

आणि माझा गुडघा. दुसऱ्या दिवशी चांगलाच सुजला. मी लपवला. ओढ्यावर पाय धुताना हरेशनं तो बघितला — आणि काही बोलला नाही. का बोलला नाही? दादाच्या कानात घालणार असेल, दुसरं काय? मग ते दोघं पुढं बोलत चालले की मी पाय ओढत जवळ जायचो, काही ऐकू येतंय का बघायला.

आता रॉकेलचं. टाळतोय मी, कळतंय मला.

स्टोव्हसाठी रॉकेलचा एक कॅन होता. नियम असा की तो सॅकच्या बाहेर टांगायचा, आत कधीही नाही, कारण प्रत्येकाच्या सॅकमध्ये सगळ्यांचा शिधा, रोज सकाळी हाताला येईल तसा भरलेला. कॅन आम्हा दोघा नव्यांकडे, पाळी तुमची तुम्ही लावा, दादा म्हणालेला. भीमाशंकरच्या आदल्या दिवशी दुपारी हरेशनं तो माझ्याकडे दिला. टांगला की पावलागणिक हेलकावे, आणि सगळा भार त्या गुडघ्यावर. मी मुद्दाम मागं राहिलो, आणि कॅन आत कोंबला. भाजणीच्या पिशवीवर.

मुक्कामाच्या देवळात सॅक उघडली तर वास. बूच सैल राहिलेलं. सगळ्यांची भाजणी रॉकेलनं भिजलेली. हरेश पाणी आणायला गेलेला, बाकीचे देवळाच्या पलीकडे हातपाय धूत होते. मी काय केलं? कॅन आणि ती पिशवी उचलून हरेशच्या सॅकमध्ये घातली. त्याच्याकडचे पोहे माझ्या सॅकमध्ये घेतले. माझ्या सॅकलाही वास येत होता. पण नंतर कुणी ती हुंगली नाही. स्वयंपाकाला शिधा काढायला गेले, तेव्हा भिजलेली पिशवी हरेशच्या सॅकमधून निघाली.

"माझ्याकडं नव्हता कॅन," हरेश म्हणाला. "दुपारीच याला दिला मी."

दादानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, थोड्या वेळानं परत दिला की त्याला. दादा घुटमळला. ठरत नव्हतं त्याचं, दिसत होतं मला. "पण हरेश, एवढा वास मारतोय. चालताना तुला कळलं नाही?"

हरेश तोंड उघडणार तेवढ्यात मी बोललो, "त्याला कसं कळणार, दादा? मासळीच्या वासात जन्म गेलाय त्याचा."

हसले सगळे. दादासुद्धा. आणि हरेश गप्प झाला तो झालाच. कॅन सरकवला त्याची लाज वाटतेच. पण ते वाक्य — ते घाबरून नाही बोललो मी. ते कुठं लागेल हे मला पक्कं ठाऊक होतं.

भीमाशंकरला दादा त्याला म्हणाला, भाजणी गेली त्याचं काही नाही रे, पण खोटं बोलणारा माणूस कड्यावर सोबत नको. हरेश एसटीत बसला. माझ्या गुडघ्याचं दादाला महाबळेश्वरला पोचल्यावर कळलं, तेही माझ्याच तोंडून. हरेशनं ते सांगितलंच नव्हतं. तो पुन्हा कधी डोंगरात दिसला नाही.

आम्ही बाकीचे अजून वर्षातून एकदा डोंबिवलीत जमतो. जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, ए, ती वासाची गोष्ट सांग. मी सांगतो. हरेशचा चेहरा कसा झालेला, ते करूनही दाखवतो. गेल्या दिवाळीतही दाखवला.